जागल्या ठेवला, पण त्याला हुकूम कोण देणार?

पूर्वी पेढीवरची वीज गेली तर कंदील लावून पावती फाडता येत असे. आता ते दिवस राहिले नाहीत. १ एप्रिल २०१८ पासून ५० हजार रुपयांवरचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल गेलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या नावाचे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घ्यावे लागते. गाठी बांधून तयार आहेत, ट्रक दारात उभा आहे आणि गोदामातला नेटवर्कचा स्विच रात्रीच बंद पडलेला आहे, अशी वेळ आली की सगळा कारभार ठप्प होतो. मोबाइलच्या नेटवर एखादे बिल निघेलही. पण स्टॉक आणि हिशेब ज्या सर्व्हरवर आहे तोच हाताशी नसेल, तर कोणत्या गाठीचे बिल करायचे?

यात खेदाची गोष्ट अशी की, असे यंत्र पुष्कळदा मुकाट्याने बंद पडत नाही. यूपीएस बॅटरीवर गेला की तो सांगतो. दोन गाळ्यांमधली केबल तुटली की स्विच सांगतो. ऐकणारा कोणी नसतो, किंवा ऐकणारा असतो पण त्याला काय करायचे ते कोणी सांगितलेले नसते. ही ऐकण्याची व्यवस्था ठेकेदारावर सोडून देण्याची जी पद्धत आपल्या व्यापारात पडली आहे ती चुकीची आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तारा ओढणे, फाइल लिहिणे हे त्याचे काम. कोणाचा निरोप खरा मानायचा आणि तो कोणाच्या कानावर घालायचा, हे ठरवणे मात्र मालकाचेच काम आहे.

यंत्राची हाक

मागावर काम करणाऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. सकिची टोयोडा यांचा १९२४ सालचा टाइप-जी स्वयंचलित माग नावाजला गेला त्याचे एक मोठे कारण हे की, धागा तुटताच तो आपणहून थांबत असे. त्यामुळे विणकराला प्रत्येक धाग्यावर डोळा ठेवून उभे राहावे लागत नसे आणि एक माणूस अनेक माग सांभाळू शकत असे.

नेटवर्कच्या यंत्रांसाठी अशीच सोय १९८८ साली निघाली. तिचे नाव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, म्हणजेच एसएनएमपी. तिच्यात दोन रीती आहेत. पहिली रीत जॉबरच्या फेरीसारखी आहे. एक संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राला विचारतो, 'ठीक आहे ना?' याला पोलिंग म्हणतात. दुसऱ्या रीतीत यंत्र आपणहून हाक मारते, 'माझा धागा तुटला.' या हाकेला ट्रॅप म्हणतात. विचारपूस यंत्राच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर होते, आणि हाक ऐकणाऱ्याच्या १६२ क्रमांकाच्या पोर्टवर येते.

ही हाक ऐकण्यासाठी संगणकावर एक प्रोग्रॅम रात्रंदिवस जागा असावा लागतो. पडद्यावर न दिसता मागे चालणाऱ्या अशा प्रोग्रॅमला संगणकाच्या भाषेत डिमन म्हणतात. आपल्याकडे गावात रात्री गस्त घालणारा जागल्या असे, तोच हा. लिनक्सवर यासाठी सर्वांत जास्त वापरात असलेला जागल्या म्हणजे नेट-एसएनएमपी या संचातला 'एसएनएमपीट्रॅपडी'. हा संच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झाला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत वाढला आणि २००० साली त्याला आजचे नाव मिळाले. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि जुन्या संगणकावरही तो चालतो. म्हणजे अडचण पैशाची नाही. जागल्याला द्यायचे हुकूम एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचे असतात, आणि ही फाइल नीट लिहिली जात नाही. खरे दुखणे तिथेच आहे.

दार कोणासाठी उघडायचे

या जागल्याची जुनी सवय अशी होती की, कोणीही हाक मारली तरी तो ती मान्य करी. ५.३ या आवृत्तीपासून ही सवय मोडण्यात आली. आता फाइलमध्ये परवानगी लिहिली नसेल तर तो कोणाचीही हाक मानत नाही. 'यूपीएस निरोप पाठवतो आहे, पण नोंदवहीत काहीच दिसत नाही,' ही नवख्यांची नेहमीची तक्रार असते. तिचे कारण बहुतेक वेळा हेच निघते. दुसरे कारण म्हणजे संगणकाच्या फायरवॉलमध्ये १६२ क्रमांकाचे यूडीपी पोर्ट उघडलेले नसते.

घाईत असलेला ठेकेदार यावर काय करतो? 'डिसेबल-ऑथोरायझेशन येस' अशी एक ओळ टाकतो. परवानगीचा प्रश्नच निकालात निघतो, निरोप दिसू लागतात, बिल चुकते होते. कुलूप नीट लागत नाही म्हणून दरवाजाच काढून ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

खरी रीत 'ऑथ-कम्युनिटी' नावाच्या ओळीची आहे. तिच्यात तीन प्रकारचे अधिकार देता येतात. 'लॉग' म्हणजे निरोप वहीत टिपणे, 'एक्झिक्यूट' म्हणजे निरोप आल्यावर एखादा प्रोग्रॅम चालवणे, आणि 'नेट' म्हणजे तो निरोप पुढे दुसऱ्या संगणकाकडे पाठवणे. त्यापुढे परवलीचा शब्द येतो आणि त्यापुढे निरोप कोणत्या पत्त्यावरून येणार तो पत्ता. पेढीवर आपण असेच करतो. एक गुमास्ता फक्त वही लिहितो, दुसऱ्याला माल सोडण्याचा अधिकार असतो, आणि दुसऱ्या पेढीला चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार तिसऱ्याला. सगळे अधिकार सगळ्यांना देणारी पेढी फार दिवस टिकत नाही. मग छपाई यंत्राला आणि यूपीएसला एकच अधिकार कशासाठी? छपाई यंत्राचा निरोप वहीत टिपला तरी पुरे. यूपीएसच्या निरोपावरून सर्व्हर बंद करायचा असेल, तर 'एक्झिक्यूट'चा अधिकार फक्त त्याच्या पत्त्याला द्यावा.

परवलीच्या शब्दाबद्दल तर सांगावे तेवढे थोडे. अनेक यंत्रांत तो 'पब्लिक' असा ठेवूनच येतो आणि तसाच राहतो. साऱ्या बाजाराला माहीत असलेला शब्द परवलीचा कसा म्हणायचा? त्यातही एसएनएमपीच्या पहिल्या दोन पिढ्यांत हा शब्द तारेवरून उघडाच जातो, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिणेही अवघड नसते. २००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सर्ट या संस्थेने साऱ्या जगाला सावध केले होते. फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम वेडेवाकडे निरोप पाठवून पाहिले, तेव्हा अनेक कंपन्यांच्या यंत्रांत ट्रॅप स्वीकारण्याच्या भागातच दोष निघाले. म्हणून जागल्याचे दार बाहेरच्या इंटरनेटकडे कधीही उघडे ठेवू नये, आणि त्याची आवृत्ती वेळोवेळी नवी करून घ्यावी.

ज्या यंत्रांत तिसरी पिढी आहे तिथे तीच वापरावी. तिच्यात निरोप पाठवणाऱ्याची ओळख पटवता येते आणि मजकूर कुलूपबंदही करता येतो. मात्र एक मेख लक्षात ठेवावी. तिसऱ्या पिढीच्या ट्रॅपमध्ये पाठवणाऱ्या यंत्राचा 'इंजिन आयडी' ग्राह्य धरला जातो. म्हणून 'क्रिएट-यूजर'च्या ओळीत तो आयडी लिहावा लागतो, आणि १० यंत्रे असतील तर अशा १० ओळी लागतात. नाव आणि शब्द बरोबर असूनही निरोप का येत नाही म्हणून लोक डोके धरून बसतात, ते बहुधा या ओळीमुळे.

कोणती हाक कोणाच्या कानावर

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक प्रकारच्या निरोपाला एक लांबलचक आकडा दिलेला असतो. तार तुटल्याचा, म्हणजे 'लिंक डाउन'चा आकडा १.३.६.१.६.३.१.१.५.३ असा आहे. शेवटी ३ ऐवजी ४ असेल तर तार पुन्हा जोडली गेली, १ असेल तर यंत्र नव्याने सुरू झाले, ५ असेल तर कोणीतरी चुकीचा शब्द वापरून यंत्राकडे माहिती मागितली. फाइलमध्ये 'ट्रॅप-हँडल' अशी ओळ लिहून त्यात हा आकडा आणि त्यावर चालवायचा प्रोग्रॅम द्यायचा असतो. ज्याला स्वतंत्र ओळ नाही त्या निरोपासाठी 'डिफॉल्ट' ही ओळ असते. आकड्यांचे नावांत रूपांतर करणारा कोश, ज्याला मिब म्हणतात, तो संगणकावर बसवला नसेल तर वहीत नुसते आकडेच दिसतात. तो आधी बसवून घ्यावा.

हे लिहिण्याचे काम कारागिराचे. पण काय लिहायचे ते त्याला कोण सांगणार? यूपीएसचेच उदाहरण घ्या. यूपीएससाठी १९९४ साली ठरलेल्या मानकात असे सांगितले आहे की, यूपीएस बॅटरीवर गेला की त्याने दर मिनिटाला निरोप पाठवत राहावे, वीज परत येईपर्यंत किंवा तो स्वतः बंद पडेपर्यंत. बॅटरी तासभर चालली तर ६० निरोप झाले. हे साठही निरोप मालकाच्या मोबाइलवर धाडले तर दुसऱ्या दिवशी मालक तो आवाजच बंद करून ठेवील, आणि तिसऱ्या दिवशी खरोखर घात होईल. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो ती उगाच नाही.

पण याच निरोपात दोन मोलाचे आकडे असतात. यूपीएस किती सेकंदांपासून बॅटरीवर आहे, आणि बॅटरी अंदाजे आणखी किती मिनिटे पुरेल. शहाण्या मालकाने या दोन आकड्यांवरून हुकूम ठरवावा. पहिल्या २ मिनिटांत कोणालाही उठवू नये, कारण बरेचदा वीज तेवढ्यात परत येते. ५ मिनिटे झाली तर रखवालदाराला कळवावे, त्याने जनरेटर पाहावा. बॅटरीची १० मिनिटे उरली तर सर्व्हर शिस्तीने बंद करावा आणि मालकाला एकच निरोप धाडावा. हे आकडे आम्ही वानगीदाखल दिले आहेत. ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याचे वेगळे, ज्याच्याकडे नाही त्याचे वेगळे. ते ठेकेदाराला कसे माहीत असणार?

लिंक डाउनचेही तेच. संध्याकाळी पेढी बंद करताना २५ संगणक बंद केले की स्विच इमानेइतबारे २५ वेळा 'तार तुटली' म्हणून सांगतो. ज्या वहीत रोज २५ खोट्या नोंदी पडतात ती वही कोणी वाचत नाही. म्हणून टेबलावरच्या संगणकांच्या पोर्टवर हा इशारा स्विचमध्येच बंद करावा. पेढी ते गोदाम, गोदाम ते कारखाना, सर्व्हर आणि इंटरनेटची लाइन, एवढ्याच पोर्टवर तो चालू ठेवावा. कोणती तार रोजच्या कामाची आणि कोणती जिवाची, हे मालकाइतके कोणाला ठाऊक?

यंत्र नव्याने सुरू झाल्याचा निरोप एखाद्या वेळी आला तर काळजी नाही. तोच निरोप आठवड्यातून चार वेळा आला तर विजेची जोडणी किंवा यंत्राचा वीजपुरवठा तपासायला हवा. चुकीच्या शब्दाचा निरोप बहुधा आपल्याच एखाद्या प्रोग्रॅमच्या जुन्या नोंदीमुळे येतो, पण तो रात्री दोन वाजता अनोळखी पत्त्यावरून आला तर सकाळी पहिले काम त्याचे.

शांतता म्हणजे खुशाली नव्हे

या व्यवस्थेची एक मोठी मर्यादा आहे आणि ती विकणारा माणूस सहसा सांगत नाही. ट्रॅप हा पोच न मागणाऱ्या पत्रासारखा असतो. तो वाटेत हरवला तर पाठवणाऱ्यालाही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही. त्याहून वाईट म्हणजे, गोदामाची एकुलती एक तार तुटली तर 'तार तुटली' हा निरोप त्याच तुटलेल्या तारेवरून यायचा असतो. तो येणार कसा? वीज अचानक गेलेले यंत्रही बहुधा न बोलताच जाते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, ज्या यंत्रात 'इन्फॉर्म' प्रकारचा निरोप पाठवण्याची सोय आहे तिथे तो वापरावा. त्याची पोच घेतली जाते आणि पोच न मिळाल्यास यंत्र तो पुन्हा पाठवते. दुसरा, जॉबरची फेरी सोडू नये. दर ५ मिनिटांनी प्रत्येक महत्त्वाच्या यंत्राला विचारणारा प्रोग्रॅम जागल्याच्या जोडीला असलाच पाहिजे. उत्तर आले नाही तर तोच इशारा समजावा. तिसरा उपाय विजेचा. यूपीएसचा निरोप ज्या स्विचमधून जातो तो स्विच आणि जागल्याचा संगणक ही दोन्ही यूपीएसवरच जोडलेली हवीत. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर, असे असले तर वीज जाताच निरोपाची वाटच बंद होते.

निरोप बाहेर धाडण्याच्या वाटेचेही तसेच. इंटरनेट बंद पडल्याची खबर ई-मेलने कशी पोहोचेल? त्यासाठी सिमकार्डावर चालणारा छोटा मोडेम संगणकाला जोडावा, आणि सिमकार्ड इंटरनेट देणाऱ्या कंपनीहून वेगळ्या कंपनीचे घ्यावे. काही नाही तर रखवालदाराच्या खोलीत एक भोंगा तरी लावावा.

आक्षेप आणि उत्तर

काही बांधव म्हणतील, 'एक राउटर आणि एक संगणक, त्याला हे कशाला?' त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. राउटरचा दिवा डोळ्यांसमोर असेल तर जागल्याची गरज नाही. शिवाय स्वस्तातल्या साध्या स्विचला एसएनएमपी येतच नाही, आणि पुष्कळ यूपीएसमध्ये त्यासाठी नेटवर्क कार्ड वेगळे विकत घ्यावे लागते. ज्यांची पेढी एकीकडे, गोदाम दुसरीकडे आणि माग तिसरीकडे, त्यांच्यासाठी हे लिखाण आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत असे कितीतरी आहेत.

दुसरे म्हणतील, 'कंपनीचे ॲप मोबाइलवर सगळे दाखवते.' दाखवते खरे. पण पुष्कळ ॲप कंपनीच्या दूरच्या संगणकामार्फत चालतात, आणि आपली लाइन पडली की आतली खबर बाहेर जायची थांबते. त्यातून तीन कंपन्यांच्या यंत्रांना तीन ॲप. एसएनएमपी ही सर्वांची सामाईक भाषा आहे, आणि आपल्या दुकानाची वही आपल्याच घरात राहते. ॲप जरूर ठेवा, पण भरवसा आपल्या वहीवर ठेवा.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. 'आम्हाला यातले काही कळत नाही, मग ठेकेदाराला काय विचारणार?' आम्ही म्हणतो, करप्रणाली तरी आपल्याला कुठे कळत होती? तरी सनदी लेखापालाला कोणते प्रश्न विचारायचे ते आपण शिकलोच. इथेही एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखावेत. यंत्र कोणते, ते काय सांगू शकते, ती खबर कोणाला, आणि त्याने काय करायचे. कागद ठेकेदाराच्या हाती द्यावा आणि फाइल त्याबरहुकूम लिहून घ्यावी. मग त्या फाइलची प्रत मागावी आणि तिच्यात 'डिसेबल-ऑथोरायझेशन' आणि 'पब्लिक' हे दोन शब्द आहेत का ते पाहावे. असतील तर बाकीचे पैसे रोखून धरावेत. एवढे करायला इंजिनिअर व्हावे लागत नाही.

वहीची काळजीही घ्यावी. भारत सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत संगणकांच्या नोंदी १८० दिवस जपण्यास आणि सर्वांची घड्याळे एका वेळेला जुळवण्यास सांगितले आहे. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. नियम आपल्याला लागू असो वा नसो, रीत चांगली आहे. स्विचचे घड्याळ २० मिनिटे मागे असेल तर आधी वीज गेली की आधी तार तुटली, याचा छडा लागत नाही, आणि विमा कंपनीशी बोलताना अशा नोंदी उपयोगी पडतात.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, आगाऊ सूचना न देता गोदामाची तार काढून पाहावी. घड्याळ लावून मोजावे, किती मिनिटांत कोणाचा फोन वाजतो. फोन वाजला तर व्यवस्था आहे. नाही वाजला तर ती केवळ बिलावर आहे.

जागल्या झोपत नाही, पगार मागत नाही, रजेवर जात नाही. पण तो स्वतःच्या अकलेने काही करतही नाही. जे लिहून द्याल तेच करील, आणि लिहून दिले नाही तर दारात उभा राहून घर जळताना मुकाट्याने पाहील. व्यापारी बांधवांनी नवी यंत्रे घेण्यापूर्वी आहे त्या जागल्याचा हुकूमनामा या आठवड्यातच वाचून घ्यावा, एवढीच आमची कळकळीची सूचना आहे.